पन्हळीच्या नोंदी: शिडी की व्हॅक्यूम, एप्रिल ते ऑगस्ट २०२५

रविवार, १३ एप्रिल

आज गावी पोचल्या पोचल्या पहिल्यांदा पन्हळीकडे, म्हणजे वळचणीला कौलांवरचं पाणी झेलून नेणाऱ्या नाळीकडे, पाहिलं. मागच्या बाजूच्या पन्हळीतून पिंपळाचं रोप वर आलंय, चांगलं वीतभर. म्हणजे गेल्या पावसाळ्यापासून तिथे माती साचून आहे आणि ती कुणी काढलेली नाही. काढणार कोण? २०२३ च्या मे महिन्यात बाबा शिडीवरून पडले, उजव्या खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर आईनं बांबूची शिडी गोठ्यात आडवी बांधून ठेवली ती आजतागायत सोडलेली नाही. बाबा आता ७४ वर्षांचे आहेत. काठी घेऊन नीट चालतात, पण पहिला पाऊस आला की डोळे वर वळचणीकडे जातात, आणि मला रत्नागिरीला फोन येतो तो आईचा: "ह्यांना जरा समजाव."

म्हणून यंदा हे काम हातात घेतलं आहे. घराच्या सगळ्या पन्हळी पावसाआधी साफ करायच्या, पावसात साफ ठेवायच्या, आणि हे बाबांना शिडीवर चढावं न लागता व्हायला हवं. दोन मार्ग समोर आहेत. माणूस लावून शिडीनं करायचं, नाहीतर जमिनीवर उभं राहून व्हॅक्यूम मशीननं. दोन्ही करून बघणार आणि जसं घडेल तसं लिहिणार. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवते. मुलांना जॉब डायरी लिहायला लावते, तर आपल्या घराची का नको?

रविवार, २० एप्रिल

मोजमाप. घर देवरूखच्या बाजूचं, चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), मंगलोरी कौलांचं. जमीन मागे उतरती, त्यामुळे पुढे पडवीची वळचण २.३ मीटरवर आणि मागची ४.६ मीटरवर. पुढे १४ मीटर पीव्हीसीची अर्धगोल पन्हळ, मागे १४ मीटर जुनी पत्र्याची, न्हाणीच्या बाजूला ३ मीटरचा तुकडा. एकूण ३१ मीटर. मागच्या पन्हळीचं पाणी उभ्या पाइपातून टाकीत जातं.

आमच्याकडे पुष्कळ घरांना पन्हळच नाही, पागोळ्या सरळ अंगणात पडतात. पूर्वी आमच्याकडेही पोफळीचं खोड मधोमध चिरून, आतून कोरून पन्हळ करायचे, ती दोन-तीन पावसाळे टिकायची. आम्हाला पन्हळ लागते ती मागच्या भिंतीसाठी. तो चिरा मातीत बांधलेला आहे आणि मागे जोत्याला लागूनच उतार. पागोळीचं पाणी तिथे उडायला लागलं की चार वर्षांत चिऱ्यांमधल्या दरजा (सांधे) रिकाम्या होतात.

कौलांचं क्षेत्र वरून पाहिलं तर साधारण १२० चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तासाभरात २५ मिलिमीटर पडला, आणि आमच्याकडे तो पडतोच, तर ३,००० लिटर पाणी तासाभरात ह्या पन्हळींतून जायला हवं. पन्हळ पाल्यानं तुंबली की ते पाणी बाहेरच्या कडेवरून जाईलच असं नाही. आमच्या मागच्या पन्हळीची आतली कड बाहेरच्यापेक्षा बोटभर खाली गेली आहे. म्हणजे तुंबली की पाणी आत, वाशांच्या टोकांवर. बाबा दरवर्षी एवढे कासावीस का होतात हे आज टेप लावल्यावर मला नीट कळलं. लहानपणापासून मी तो त्यांचा त्रागा समजत होते.

रविवार, २७ एप्रिल

मशीन आणलं. ओलं-कोरडं दोन्ही ओढणारं, १४०० वॅट, ३० लिटरची टाकी, लेबलवर ओढ १८ किलोपास्कल. किंमत ७,८०० रुपये. सोबतची नळी ३६ मिलिमीटरची, दीड मीटर लांब. पन्हळीपर्यंत पोचायला काहीच नाही. ब्रिटनमध्ये ह्या कामासाठी कार्बन फायबरच्या हलक्या नळ्या मिळतात, १२ मीटरपर्यंत जोडत नेता येतात आणि टोकाला कॅमेरा असतो. तिथे २००५ सालापासून उंचीवरच्या कामाचे नियम आहेत, आणि त्यातली पहिलीच अपेक्षा अशी की टाळता येत असेल तर उंचीवर जाऊन काम करूच नये. ही ओळ मला फार पटते. शिडी कशी धरावी हे सगळे सांगतात, शिडी लागतेच का हे आधी कुणी विचारत नाही.

आम्ही ४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घेतला, ४ मीटर, आणि टोकाला दोन एल्बो जोडून उलट्या 'यू'सारखा बाक केला. पाइप उभा केला तर गवताच्या काडीसारखा डुलायला लागला. शेजारच्या काकांनी, जे आमच्या वाडीतल्या सगळ्या घरांची कौलं चाळतात (उतरवून पुन्हा नीट लावतात), मुकाट्यानं चिवारीची एक काठी आणली आणि काथ्यानं पाइपाला तीन ठिकाणी बांधून दिली. पाइप ताठ झाला. चिवार हलकी आणि जवळजवळ भरीव, ह्याहून चांगला आधार बाजारात शोधूनही मिळाला नसता.

पाला थेट मशीनच्या टाकीत गेला तर फिल्टर लगेच भरतो, म्हणून मध्ये रंगाची २० लिटरची रिकामी बादली लावली: झाकणात दोन भोकं, एकातून पाला आत, दुसऱ्यातून हवा मशीनकडे. नळीचं तोंड पाल्यानं बंद झालं त्या क्षणी बादली फाटकन आत चेपली. हिशेब आधीच करायला हवा होता. झाकणाचा व्यास ३० सेंटिमीटर, १८ किलोपास्कलनं त्यावर पडणारा भार सुमारे १३० किलो. रंगाची बादली तो कसा सोसणार? आता जाड निळा ड्रम शोधायचा.

रविवार, ४ मे

आज खरी परीक्षा. मागची १४ मीटर पन्हळ मधोमध खडूनं खूण करून वाटून घेतली. डावे ७ मीटर काकांनी शिडीवरून, उजवे ७ मीटर मी खालून मशीननं. माझा भाचा घड्याळ घेऊन बसला.

शिडी ॲल्युमिनियमची, भाड्यानं आणलेली. उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर पाय: ४.६ मीटरला १.१५ मीटर. जमीन उतरती, त्यामुळे खालच्या पायाखाली सपाट चिरा बसवला आणि तो हलत नाही ना हे मी स्वतः उभी राहून पाहिलं. शिडी पन्हळीवर टेकवायची नाही, हा आमचा पहिला नियम. पत्र्याची पन्हळ वाकते, पीव्हीसीची तर क्लॅम्पातूनच निसटते आणि शिडी सोबत सरकते. बाबांचं नेमकं तेच झालं होतं. म्हणून शिडीला वरच्या बाजूला एक आडवी फळी बांधून ती भिंतीवर टेकवली, आणि वरचं टोक वाशाला दोरानं बांधलं. काका हसले नाहीत. म्हणाले, "बांध बायो, बांधलेलं बरं."

काकांना ७ मीटरला १ तास १० मिनिटं लागली. त्यात शिडी सहा वेळा हलवली. हात शिडीच्या दोन्ही उभ्या दांड्यांच्या फार बाहेर जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं की एका जागेवरून सव्वा मीटरच पन्हळ मिळते. खरा वेळ जातो तो शिडी उतरणं, उचलणं, चिरा बसवणं, बांधणं, पुन्हा चढणं ह्यात. पन्हळीत खुरपं चालवण्याचा वेळ मोजला तर वीस मिनिटंसुद्धा नाहीत. आणि घाई होते ती त्या उचला-बांधीतच. "एवढंच राहिलंय, जरा हात लांब करतो" म्हणत माणूस झुकतो आणि पडतो.

मला ३५ मिनिटं लागली. त्यातली १५ तुंबलेली नळी मोकळी करण्यात गेली. वाळलेला मोहोर, आंब्याचा चुरा, पोफळीची फुलं, कौलांवरून आलेली माती, हे सगळं खडखडत ड्रममध्ये आलं आणि ते ऐकताना फार आनंद झाला. पण आंब्याचं अख्खं वाळलेलं पान, वीतभर लांब, बाकापाशी आडवं बसतं. त्यामागे फणसाचं पान येतं, ते चामड्यासारखं. आणि झावळीचा एक हीर आत गेला की त्याला सगळंच अडकतं.

मग तपासणी. मोबाइल काठीला बांधून दोन्ही भागांचं चित्रण केलं. काकांचा भाग पत्र्यापर्यंत स्वच्छ. माझ्या भागात वरचा पाला पूर्ण गेला, पण तळाला बोटाच्या पेराएवढा काळा, कडक थर तसाच. मशीननं तो खरवडला जात नाही. पिंपळाचं रोप माझ्या भागात होतं, तेही हललं नाही. त्याचं मूळ पत्र्याच्या सांध्यात शिरलं आहे.

काकांनी माझ्या पाइपाच्या टोकाकडे बघून विचारलं, "बायो, ह्या मशीनला डोळं कुठं हायत?" प्रश्न अगदी बरोबर आहे. मी खालून आंधळेपणानं काम करत होते. काकांनी वर चढून जे पाहिलं ते मला मिळालंच नाही: दोन क्लॅम्प सुटलेले, एक कौल कोपऱ्यात फुटलेलं (वानरं), आणि न्हाणीच्या कोपऱ्यात एका वाशाचं टोक बोटानं दाबलं तर दबतंय.

सोमवार, ५ मे

काढलेला गाळ दोन घमेली भरला. कुजून काळी झालेली माती, आगरात पोफळीच्या आळ्यात टाकली.

रविवार, ११ मे

हवामान खात्यानं काल सांगितलं की मान्सून केरळात २७ मेला येईल, चार दिवस इकडे-तिकडे. नेहमीची तारीख १ जून. म्हणजे आमच्या हातात धरून चाललो होतो त्याहून कमी दिवस. मृग धरून कामं आखायची सवय यंदा सोडायला हवी.

आठवडाभर रोज संध्याकाळी नळीचा विचार केला. दोन गोष्टी बदलल्या.

पहिली, तोंड. नळीतली सगळ्यात अरुंद जागा तिचं तोंड असायला हवी. तोंडातून जे आत शिरेल ते पुढे कुठेही अडकता कामा नये. माझं उलट झालं होतं: ४० मिलिमीटरचं तोंड आणि पुढे ३६ ची नळी. आता मशीनपर्यंत सगळीकडे ५० मिलिमीटर, आणि तोंडाला ४० चा तुकडा, तिरपा कापलेला. कापाच्या कडेला पत्र्याची पट्टी बसवली, तिनं खरवडताही येतं. दोन एल्बोंच्या जागी आता ४५ अंशांचे चार लांब बेंड.

दुसरी गोष्ट मी मुलांनाही शिकवणार आहे. नळी मोठी केली की अडथळा कमी होतो हे खरं, पण हवेचा वेगही कमी होतो. पाला वर उचलून न्यायला नळीत सेकंदाला साधारण २० मीटर वेग तरी हवा. ३६ च्या नळीला त्यासाठी सेकंदाला २० लिटर हवा पुरते, ५० च्या नळीला ४० लिटर लागते. म्हणजे माझं मशीन ५० ला जेमतेम पुरतं, ७५ चा पाइप लावला असता तर पाला मध्येच लोंबकळला असता. 'मोठा पाइप म्हणजे जास्त काम' हे इथे लागू होत नाही.

ड्रम निळा, जाड, ५० लिटरचा. झाकणाला एक भोक पाडून त्यावर स्प्रिंगची रबरी चकती बसवली. नळी तुंबली की ती आपोआप उघडते, बाहेरची हवा आत घेते, ड्रम वाचतो आणि मोटरही तापत नाही. मशीनच्या बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचं गळती-रोधक स्विच लावलं, वीज कुठे गळाली की पुरवठा तोडणारं. ओल्या अंगणात विजेचं मशीन चालवायचं तर हे नसेल तेव्हा काम करायचं नाही, इतकं साधं आहे.

आणि मोबाइलला जोडायचा नळीसारखा छोटा कॅमेरा मागवला, टोकाला दिव्यासकट. काकांच्या प्रश्नाचं उत्तर.

रविवार, १८ मे

आज शिडीचा दिवस. ४ मेच्या परीक्षेनंतर माझं मत बदललं आहे: वर्षातून एकदा कुणीतरी वर चढून हात फिरवायलाच हवा. कडक थर, सांधे, क्लॅम्प, फुटकी कौलं, कुजलेला वासा, हे खालून होत नाही. प्रश्न इतकाच की ते एकदा व्हावं, कोरड्या दिवशी, दोघांनी मिळून, सवयीच्या माणसाकडून, आणि वर पोचेपर्यंत बहुतेक घाण आधीच निघालेली असावी.

म्हणून सकाळी सात ते नऊ मशीननं सगळी ३१ मीटर फिरवायला घेतली. नवं तोंड झकास चालतं. पुढची १४ मीटर २० मिनिटांत, एकदाच तुंबलं. न्हाणीच्या तुकड्यात कॅमेऱ्यात काहीतरी राखाडी, कागदासारखं दिसलं. गांधीलमाश्यांचं पोळं. शिडीवर, तोंडापासून हातभर अंतरावर ते अचानक सापडलं असतं तर काय झालं असतं? मशीन बंद केलं, संध्याकाळपर्यंत तो तुकडा सोडून दिला. काकांनी अंधार पडल्यावर धूर करून ते हटवलं.

नऊनंतर काका वर, मी शिडीपाशी. पाय दाबून धरायला नव्हे, ती वर बांधलेली होतीच. मी होते ते वरून काही खाली यायला नको आणि खालून कुणी जवळ यायला नको म्हणून. खुरपं बादलीतून दोरीनं वर, हातात नाही. चढताना दोन्ही हात मोकळे.

पुढच्या उजव्या कोपऱ्यात एक वाद झाला. तिथे खांबावरून आलेली विजेची वायर वळचणीपासून दीड हातावर आहे. काका म्हणाले मेन स्विच बंद करू. पण मेन स्विच बंद केल्यानं घरातली वीज जाते, खांबापासून मीटरपर्यंतची वायर चालूच असते. हे पुष्कळांना माहीत नसतं आणि ॲल्युमिनियमची शिडी तिला टेकली की पुढचं बोलायला नको. तिथले तीन मीटर आम्ही शिडीनं केलेच नाहीत. खालून पीव्हीसीच्या काठीनं, कोरड्या हवेत, तोंड वायरपासून लांब ठेवून केले. जिथे मशीन सगळ्यात उपयोगी पडलं ती जागा हीच.

काकांनी कडक थर खरवडला, सुटलेले क्लॅम्प आवळले, पिंपळाचं मूळ सांध्यासकट उकरून तिथे पत्र्याचा तुकडा रिव्हेट करून सिलिकॉन भरलं. पाणी ओतून उतार बघितला: दर मीटरला ५ मिलिमीटर धरला होता, दोन जागी पाणी थांबत होतं, तिथे क्लॅम्प वर घेतले. कुजका वासा बदलायला सुतार पावसानंतरच मिळेल. तोवर बाजूनं जोडवासा दिला. दुपारी तीनला संपलं. शिडी आज दहा वेळाच हलवली, कारण साफ भाग सोडून फक्त अडलेल्या जागी लावली.

बाबा दिवसभर ओटीवर. जेवताना म्हणाले, "मधल्या सांध्याला दरवर्षी शेण लावायचो मी." एवढंच. पण आवाज दुखरा होता. त्यांचं काम त्यांच्यासमोर दुसरे करत होते.

बुधवार, २१ मे

कालपासून पाऊस. वळवाचा म्हणावा तर थांबतच नाही. समुद्रात कमी दाबाचा पट्टा होतोय म्हणे. आईला फोन केला. "पन्हळीतून पाणी धो धो वाहतंय, भिंत कोरडी." रविवारी काम संपलं म्हणून बरं. पुढच्या आठवड्यावर टाकलं असतं तर गेलंच होतं.

रविवार, २५ मे

काल दुपारच्या सुमारास तो कमी दाबाचा पट्टा रत्नागिरी आणि दापोलीच्या मध्ये किनाऱ्यावर चढला. मान्सून काल केरळात आणि आज देवगडपर्यंत आलासुद्धा. रोहिणी नक्षत्र आज लागतंय, आणि पाऊस मृगाची वाट बघायला तयार नाही.

मी काल संध्याकाळी गावी पोचले. रात्री वारा सुटला, आंब्याची ओली पानं, डहाळ्या, कच्चे आंबे कौलांवर. साडेअकराला मागच्या खोलीत आतून पाण्याचा आवाज. टॉर्च मारला तर उभ्या पाइपाच्या तोंडावर पाल्याचा बोळा बसलेला आणि पाणी आतल्या कडेवरून भिंतीवर. वीज नव्हती. म्हणजे मशीन नाही.

बाबा गोठ्याकडे निघाले. काठी ओटीवर ठेवून निघाले होते. मी आडवी गेले. असं त्यांच्यासमोर उभं राहायची वेळ माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा आली. म्हटलं, "बाबा, भिंत पुन्हा बांधता येईल." ते काही बोलले नाहीत. पावसात तसेच उभे. मग आईनं माजघरातून आंबे काढायची आकडी आणली. आठ हाताची चिवार, टोकाला लोखंडी आकडा. बाबांनीच ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "भिंतीकडून घाल, मग बाहेर ओढ. आत ढकललंस तर पाइपात जाईल."

जमिनीवर उभी राहून, टॉर्च आईच्या हातात. तिसऱ्या ओढीला बोळा सुटला आणि पाइपात पाणी गडगडत गेलं. दहा मिनिटांचं काम. हा तिसरा मार्ग माझ्या आखणीत नव्हता, घरात मात्र कितीतरी वर्षं खुंटीला टांगलेला होता.

आज उभ्या पाइपाच्या तोंडावर बसवायला जाड तारेची उलटी टोपली केली. जाळी सपाट असली की पान तिच्यावर झाकणासारखं बसतं. टोपली उंच असेल तर पाला बुडाशी जमतो आणि पाणी वरच्या तारांमधून जातं. काकांनी उघडीप बघून बसवली.

रविवार, १ जून

पावसानं दडी मारली आहे. मुंबईत तो २६ मेला पोचला, इतक्या लवकर पूर्वी कधी नोंदला गेला नव्हता, आणि आता गप्प. ही उघडीप वापरून ओल्या पन्हळीवर मशीन चालवलं.

सुरुवातीला काहीच वर येईना. मोटरचा आवाज चढला, चकती फडफडली, नळीत पाणी पुरुषभर चढून थांबलं. लेबल पुन्हा वाचलं: १८ किलोपास्कल. पूर्ण निर्वात पोकळीसुद्धा पाण्याला सुमारे १०.३ मीटरच वर नेते. १८ किलोपास्कल म्हणजे १.८ मीटर. पन्हळीतून पाइप आधी वर बाकात जातो आणि मग खाली येतो, म्हणून चढ फारसा नाही, पण नळी जिथे झोळ घेऊन ड्रमच्या झाकणावर चढते तिथे पाण्याची लादी बसली की हवा बंद. हवा बंद म्हणजे वाहतूकच बंद. मशीन पाला ओढतं ते हवेच्या झोतावर, पाण्याच्या खांबानं नव्हे.

उपाय सोपा निघाला. तोंड पाण्यात बुडवायचं नाही. तिरप्या कापाची वरची कड पाण्याच्या वर ठेवायची, म्हणजे हवा आणि गाळ एकत्र जातात, भुरके मारल्यासारखे. आणि ड्रम जमिनीवर ठेवून नळी एकसारखी उतरती आणायची, झोळ नको. मग सगळं सुरळीत. ओला ड्रम मात्र लवकर जड होतो. अर्धा भरला की रिकामा करायचा, नाहीतर उचलताना कंबर जाते.

अजून एक निरीक्षण: संध्याकाळी सातनंतर व्होल्टेज पडतं आणि मशीन मरगळतं. हे काम सकाळचं.

रविवार, ८ जून

पुढची पन्हळ, ९ मिनिटं. काही तुंबलं नाही.

रविवार, २४ ऑगस्ट

बुधवारी गणपती. मुंबईहून बाबांचे दोन्ही भाऊ, आत्या, सगळे मंगळवारी रात्रीपर्यंत येतील. घर भरायच्या आधी पन्हळी बघायच्या होत्या. गेल्या आठवड्यात पाऊस झोडपून गेला.

कॅमेरा आज पहिल्यांदा बाबांच्या हातात दिला. म्हणजे कॅमेरा पाइपाच्या टोकाला, त्याचं चित्र मोबाइलवर, आणि मोबाइल बाबांकडे. मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसले, चष्मा पुसून. पाच मिनिटं ते नुसते बघत राहिले. दोन वर्षांनी त्यांनी आपल्या पन्हळीच्या आत पाहिलं होतं.

मग सूचना सुरू झाल्या. "थांब. मागे घे. तो दुसरा सांधा, तिथे डावीकडे नेहमी शेवाळ धरतं." "हां, आता पुढे." "हे काकांनी भरलं ते ना? टिकलंय." पन्हळीची प्रत्येक वीत त्यांना पाठ आहे. मी खालून पाइप धरला होता पण वाट ते दाखवत होते, आणि मे महिन्यात ज्याला मला ३५ मिनिटं लागली ते आज १८ मिनिटांत झालं. काकांनी वर चढून पाहिलेलं आणि मी खालून आंधळेपणानं केलेलं, ह्या दोहोंमधली फट बरीचशी बुजली. सगळी नाही. जोडवासा कसा आहे हे कॅमेऱ्यात कळत नाही, ते काका दिवाळीनंतर शिडी लावून बघतील. शिडी त्या एका दिवसापुरती भाड्यानं आणायची. बांबूची शिडी मे महिन्यात बाबांनीच सोडून दिली, काकांनी तिच्यावर भोपळ्याचा वेल चढवला आहे.

न्हाणीच्या तुकड्याशी आलो तेव्हा भुरभुर सुरू झाली. मी मशीन बंद करून वायर गुंडाळायला लागले. बाबा खुर्चीतून उठले नाहीत. मोबाइल छत्रीखाली धरून म्हणाले, "जरा धर तसाच पाइप. पाणी कसं धावतंय बघू दे."